दाभोळच्या मशिदीचं मॉडेल : एक फूट म्हणजे सहा मिलिमीटर

८ जून

भाचीच्या शाळेत दिवाळीनंतर वाशिष्ठी खाडीकाठच्या जुन्या वास्तूंचं प्रदर्शन आहे. गोपाळगड दोन गटांनी आधीच पटकावला. आमच्या वाट्याला पलीकडच्या तीरावरची दाभोळची शाही मशीद आली. गावात तिला अंडा मशीद म्हणतात, जुन्या कागदांत माँसाहेबा मशीद असंही नाव सापडतं. भाची आठवीत आहे. "मामा, पुठ्ठ्याची करू, दोन रविवारांत होईल," असं तिचं म्हणणं. घुमट असलेली वास्तू पुठ्ठ्याची कशी करणार, हे तिने मला विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही.

या नोंदी कुणी अशीच घुमटाची वास्तू करायला घेतली तर त्याच्यासाठी. मशीद, मकबरा, नाहीतर पेशवाईतलं घुमटाचं देऊळ, काहीही असो, अडचणी त्याच येणार.

आज फक्त हिशेब केला. रत्नागिरी जिल्ह्याचं १८८० सालचं गॅझेटियर आहे, त्यात या मशिदीची मापं आहेत : ६३ फूट बाय ५४ फूट, उंची ७५ फूट. दक्षिण कोकणात अशी नीट मुसलमानी बांधणीची वास्तू ही एकच, आणि आकाराने लहान असली तरी धाटणी विजापूरच्या जामा मशिदीची, असं वर्णन. आपल्याला एवढं पुरे. प्रमाण एक फूट म्हणजे सहा मिलिमीटर धरलं. १:५० च्या जवळपास जातं आणि पोरांना तोंडी गुणाकार करता येतो. ६३ चे ३७८ मिलिमीटर, ५४ चे ३२४, ७५ चे ४५०. टेबलावर मावेल, स्कूटरवर पुढे धरून नेता येईल.

१५ जून

धोपाव्याहून फेरीबोटीने पलीकडे गेलो. (दाभोळ म्हटलं की बाहेरच्या माणसाला अजून वीजप्रकल्प आठवतो. तो आमच्या बाजूला, गुहागर तालुक्यात आहे. दाभोळ गाव समोरच्या काठावर, दापोली तालुक्यात. प्रदर्शनातही हा घोळ होणार.)

मशीद धक्क्यापासून जवळ, नारळी-पोफळींत. उंच जोतं, वर चढायला पायऱ्या, चार कोपऱ्यांना चार मिनार, मधे एकच मोठा घुमट आणि घुमटाच्या बुडाशी कमळाच्या पाकळ्यांची ओळ. दगड काळा. पहिला पाऊस होऊन गेल्यामुळे आणखीच काळा दिसत होता. बाहेर बसलेल्या एका चाचांना विचारलं. पायताण काढा, आतल्या माणसांचे फोटो काढू नका, बाकी काय मोजायचंय ते मोजा म्हणाले.

सोबत दहा फुटांचा बांबू नेला होता, त्याला फुटाफुटावर लाल चिंध्या बांधलेल्या. तो भिंतीला टेकवून उभा करायचा आणि लांबून फोटो काढायचा. कमानी, जोतं, खालच्या पट्ट्या यांची उंची नंतर घरी चिंध्या मोजून निघते. ही युक्ती स्वस्त आणि चोख. कमानीच्या गाळ्यात टेप धरून भिंतीची जाडीही घेतली. ६३ × ५४ ही आतली मापं धरायची आणि जाडी वरून मिळवायची, असं ठरवलं.

बांबूने वरचं काही कळत नाही. जवळ उभं राहून मोबाइल वर केला की मिनार आत कलतात आणि घुमट कठड्यामागे बुडतो. त्या फोटोंवरून घुमटाचा आकार काढू नका.

२९ जून

पाट केला. घरात एमडीएफचा तुकडा नव्हता म्हणून शृंगारतळीहून १८ मिलिमीटरचा आणला, २६० रुपये. त्यावर जोत्याची चौकट सनबोर्डची, म्हणजे फोमच्या कडक पुठ्ठ्याची, पाच मिलिमीटर जाडीच्या. सनबोर्ड कापताना कटरचं पातं दर चार-पाच कापांनंतर मोडून नवं टोक काढायचं, नाहीतर फोम फाटतो आणि कडा कुरतडल्यासारखी दिसते.

भिंती उभ्या करून सुकायला ठेवल्या. भाचीने आत दुर्बीण घालायची असल्यासारखं टॉर्च मारून पाहिलं आणि आत मेहराब, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणारा भिंतीतला कोनाडा, करायचा हट्ट धरला. करू म्हटलं, कमानीतून दिसतो तेवढा.

६ जुलै

एमडीएफ फुगला. पडवीत ठेवला होता, पागोळ्यांचे शिंतोडे नुसते उडत होते, एवढ्यावर कडा बिस्किटासारख्या फुलल्या. वरचं जोतं एका बाजूने उचललं गेलं आणि दोन भिंतींचे सांधे सुटले. कोकणात जून ते सप्टेंबर एमडीएफ वापरायचाच नाही. सुताराकडून मरीन प्लायचा तुकडा घेतला, १२ मिलिमीटर, ५२० रुपये. कडांना फेव्हिकॉल पातळ करून पाजला आणि खाली दोन पट्ट्या आडव्या ठोकल्या, म्हणजे पाट जमिनीला टेकत नाही आणि उचलायला बोटं जातात.

भिंती नव्या पाटावर हलवताना ओल्या कापडाने सांधे मऊ करून सोडवले. तेवढ्यात आठवडा गेला.

२० जुलै

आजची नोंद सगळ्यात कामाची, म्हणून सविस्तर.

घुमट करायचा तर त्याचा आकार हवा आणि आकार जवळून मिळत नाही. मग लक्षात आलं, आपण दर खेपेला खाडी ओलांडतोच. फेरीबोट मधोमध असताना फोटो काढला तर अंतर इतकं मिळतं की कॅमेरा वर करावा लागत नाही, सरळ समोर धरता येतो. मिनार उभेच्या उभे, घुमट पूर्ण. खालचा भाग नारळींनी झाकलेला, पण तो बांबूने मोजून झालेलाच होता. बोट हलते, म्हणून एकामागोमाग फोटो घेत राहायचे आणि क्षितिज सरळ आलेला एक निवडायचा.

घरी तो फोटो छापून मॉडेलच्या दर्शनी बाजूवर, म्हणजे ३७८ मिलिमीटर अधिक भिंतींवर, बसवायला गेलो. बसेना. फोटोवरून रुंदी धरली तर उंची भलतीच जास्त येत होती, घुमट भाल्यासारखा उंच. गॅझेटियरच्या ७५ वर संशय घेतला. ते जोत्यापासून की जमिनीपासून यावर भाचीशी वाद घातला. प्रिंटरवरही संशय घेतला.

दुसऱ्या खेपेला छापील फोटो घेऊन चाचांना दाखवला. त्यांनी एकच विचारलं, "किब्ला कुठे?" किब्ला म्हणजे नमाजाला तोंड करायची दिशा, ती पश्चिमेला. म्हणजे आत शिरायचं पूर्वेकडून, दर्शनी कमानी पूर्वेला. दाभोळ खाडीच्या उत्तर तीरावर. मग बोटीतून आपण बघतो ती मशिदीची दक्षिणेची बाजू, म्हणजे कड. मी कडेचा फोटो दर्शनी बाजूवर बसवत होतो.

नमाजाच्या रांगा किब्ल्याच्या भिंतीला समांतर लागतात, म्हणून ती बाजू सहसा लांब ठेवतात. ६३ फूट उत्तर-दक्षिण, ५४ फूट पूर्व-पश्चिम धरलं. फोटो ५४ च्या बाजूवर लावला. बसला.

७५ फूट मी मॉडेलपुरते जोत्यासकट घेतले. तसं घेतल्यावर फोटो शेजारी ठेवून डोळ्याला खटकत नाही. कुणाकडे थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजून उंची काढायचं यंत्र, असेल त्याने खुशाल माझं चुकीचं ठरवावं.

मशीद करणाऱ्यांनी पाटावर पहिल्या दिवशी पश्चिमेचा बाण काढावा. बाकी सगळी मापं त्या बाणाला विचारून घ्यावीत.

३ ऑगस्ट

घुमट आधी, मग मिनार, मग कमानी. असा क्रम आता पक्का केलाय. घुमट दोन मिलिमीटरने चुकला तरी सगळी वास्तू वेगळीच दिसते. मिनार चुकले तर कुणाच्या लक्षात येत नाही.

भाचीने प्लॅस्टिकचा बॉल अर्धा कापून ठेवला. झाकण वाटलं. अर्धा गोल म्हणजे घुमट नव्हे. विजापुरी घुमट मानेपाशी आत घेतलेला असतो, मग बाहेर फुगतो, मग टोकाकडे निमुळता. पाकळ्या त्या आत घेतलेल्या मानेला लपवतात.

मग फुग्यावर वर्तमानपत्राचे कपटे मैद्याच्या खळीने चिकटवले. रात्री गारव्याने फुगा आक्रसला आणि घुमटाला एका बाजूला खळगा पडला. उरलेल्याला चौथ्या दिवशी हिरवी बुरशी. खळीत चिमूटभर मोरचूद घालतात, हे बाइंडिंगवाल्याने नंतर सांगितलं. पावसाळ्यात कागदी लगद्याच्या वाटेला जायचं तर मोरचूद लागेलच, आणि मग पोरांना हात धुवायला लावा.

१० ऑगस्ट

पीओपी. छताचं काम करणारे गोल नक्षी साचा फिरवून काढतात, तीच पद्धत.

फळीत आठ मिलिमीटरची सळई उभी ठोकली. तेलाच्या डब्याचा पत्रा घेऊन त्यावर फोटोतल्या घुमटाची अर्धी बाह्यरेषा उतरवली आणि कापली. कापलेली कड कानशीने घासून गुळगुळीत केली, हे चुकवू नका, पत्र्याचा प्रत्येक दाता पीओपीवर ओरखडा होऊन उमटतो. पत्र्याला पेनाची नळी बांधली आणि ती सळईत ओवली. आता पत्रा सळईभोवती गरगर फिरतो. मधे थर्माकोलचा गोळा, त्यावर काथ्या गुंडाळलेला, म्हणजे पीओपी धरून राहतं.

पहिलं पीओपी धरेचना. दुकानात फोडून ठेवलेल्या पोत्यातलं सुटं आणलेलं होतं, हवेतलं पाणी पिऊन मेलेलं. तासाभराने बोट घातलं तरी दह्यासारखं. बंद पिशवीतलंच घ्या, आणि आणल्या दिवशी चमचाभर भिजवून पाहा.

नवं आणलं. वाटीत आधी पाणी, मग वरून पीओपी भुरभुरवायचं, पाण्यावर बेट दिसायला लागलं की थांबायचं आणि मग ढवळायचं. पाच-सात मिनिटं हातात असतात. तेवढ्यात लेप द्यायचा आणि पत्रा फिरवत राहायचं, जास्तीचं निघून जातं. भाची लेप देत होती, मी फिरवत होतो. वाटी न धुता दुसरं कालवलं तर ते झटकन आवळलं, वाटीतच दगड झाला. जुन्या पीओपीचे कण नव्याला घाई करतात. दर वेळी स्वच्छ वाटी. मऊ रबरी वाटी असेल तर उत्तम, दाबली की सगळं निघून येतं.

पातळ थर देत देत घुमट उभा राहिला. शेवटचा थर साईसारखा पातळ. सळई लगेच काढायची नाही, दुसऱ्या दिवशी हलकेच फिरवून काढायची. तिचं भोक वर राहतं, ते कळसाला लागणारच.

२४ ऑगस्ट

पाकळ्या. भाचीने लाल भोपळ्याच्या बिया सुकवून आणल्या. आकार इतका नेमका की मला आधी का सुचलं नाही असं झालं. मानेभोवती बिया चिकटवल्या, टोक वर. रविवारी रात्री अप्रतिम दिसत होतं.

सोमवारी सकाळी निम्म्या बिया उंदरांनी नेल्या होत्या. उरलेल्यांची सालं टाकून गर खाल्लेला.

पण आकार तर बियांचाच हवा होता. एक चांगली टपोरी बी घेऊन ओल्या पीओपीत दाबली, साचा मिळाला. त्याला टाल्कम पावडर लावून एम-सील दाबायचं, सुईने उचकटायचं. एका पाकळीला अर्धा मिनिट. आता उंदीर येऊ देत.

मानेभोवती समान अंतर राखणं वाटतं तितकं सोपं नाही. एकेक लावत गेलं की शेवटी अर्ध्या पाकळीची जागा उरते. त्यावर उपाय : मानेच्या घेराएवढी कागदी पट्टी कापा आणि दुमडत जा, आठ, सोळा, बत्तीस. घडीच्या खुणांवर पेन्सिल फिरवा, पट्टी मानेला गुंडाळा, खुणेवर पाकळी. मी बत्तीस बसवल्या. खऱ्या पाकळ्यांशी आकडा जुळवायचा हट्ट धरला नाही, या मापाला तेवढ्याच बसतात.

गणपती आले. पुढचे दोन-तीन आठवडे कुणी कशाला हात लावणार नाही.

१४ सप्टेंबर

मिनार सुताराकडून खरादावर करून घेतले. देव्हाऱ्याचे खांब करतो तोच. पहिली चार नगं आंब्याच्या लाकडाची, ४०० रुपये. गणपतीत उन्हं पडली आणि मिनार केळ्यासारखे वाकले. लाकूड ओलं होतं. सुतार म्हणाला, घाई तुम्हालाच होती. खरं आहे.

आता सागाच्या जुन्या खिडकीच्या चौकटीतून कापलेले, ८०० रुपये. जुनं लाकूड हलत नाही. खरादी माणसाला नुसता फोटो देऊ नका. कागदावर खऱ्या आकारात मिनार काढून द्या आणि कुठे किती जाड ते व्हर्नियरने मोजून लिहा. फोटो दिला की तो त्याच्या हाताला सवयीचा खांब करतो आणि मशिदीला देव्हाऱ्याचे खांब लागतात.

२८ सप्टेंबर

दर्शनी कमानी. टोकदार कमान कंपासने काढायची असते, हे शाळेच्या भूमितीत शिकवलं असतं तर भाची भूमितीत पास झाली असती. कमानीचे दोन बाजूंचे कंस वेगवेगळ्या केंद्रांवरून. केंद्र जरा इकडे-तिकडे केलं की कमान लगेच चर्चची किंवा हॉटेलची होते. बांबूच्या फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून केंद्र शोधलं. ट्रेसिंगवरून सनबोर्डवर, कटरने, आणि आतल्या कडेला पातळ पीओपी फासून पॉलिश पेपर.

मेहराब झाला. टॉर्च मारली की दिसतो. अंगणातला हौदही केला, पाणी म्हणून फेव्हिकॉलचा जाड थर ओतला. सुकला की काचेसारखा होतो, पण कोरडा व्हायला आठवडा लागतो आणि त्यात मुंगी पडली तर मुंगी कायमची.

१२ ऑक्टोबर

रंग. नुसता काळा ॲक्रिलिक मारल्यावर मॉडेल टीव्हीच्या कव्हरसारखं दिसायला लागलं. दगड काळा असला तरी तो एका काळ्याचा नसतो.

जे जमलं ते असं : पातळ फेव्हिकॉलचा हात द्यायचा, ओला असतानाच त्यावर चुलीतली राख चहाच्या गाळणीतून चाळायची. सुकल्यावर झटकायची. दगडाचा कण येतो. मग करड्या रंगाचा पातळ हात, आणि जवळपास कोरड्या ब्रशने कडांवर फिकट राखाडी. चिऱ्यांचे सांधे शिसपेन्सिलीने, सगळे नाही, मधूनमधून. सगळे काढले की वीटकाम दिसतं.

शेवाळावर वाद झाला. भाचीने जुलैत पाहिलेली मशीद हिरवी होती, म्हणून तिला हिरवं हवं. प्रदर्शन नोव्हेंबरात, तेव्हा शेवाळ वाळून तपकिरी होतं. शेवटी उत्तरेच्या भिंतीवर खालच्या हाताला थोडं तपकिरी, दक्षिणेला नाही. तिकडे ऊन लागतं.

कळसाला सायकलच्या आऱ्याचा तुकडा आणि बांगडीवाल्याकडचे पितळी मणी. घुमटावर एकेकाळी सोन्याचा मुलामा होता आणि वरची चंद्रकोर सोन्याची होती असं सांगतात. आमची पितळी.

२६ ऑक्टोबर

पाटी लिहायला घेतली आणि मॉडेलपेक्षा पाटीने जास्त छळलं.

कथा सगळ्यांना ठाऊक आहे. विजापूरची शहजादी आयेशाबीबी मक्केला निघाली, सोबत वीस हजार घोडेस्वारांचा लवाजमा, दाभोळ बंदरात जहाजात बसायचं. समुद्रात चाचे मोकाट, म्हणून जाणं रहित झालं. मग सोबतचा पैसा पुण्यकार्याला लावावा असा सल्ला मिळाला, आणि पंधरा लाख खर्चून चार वर्षांत मशीद उभी राहिली. बांधणारा कामिलखान. ही दंतकथा म्हणून पाटीवर घेतली, "असे सांगतात" जोडून.

सालावर गाडी अडली. लिखाणात १५५९ आणि १६५९ अशी दोन्ही सालं सापडतात. शंभर वर्षांचा फरक, आणि दोन्ही सालांना गादीवर अली आदिलशहाच, आधी पहिला आणि नंतर दुसरा. म्हणजे राजाचं नाव घेऊनही सुटका नाही. १६५९ हे प्रतापगडाचं साल. त्या १० नोव्हेंबरला अफजलखान पडला आणि मराठ्यांची फौज कोकणात उतरली. अशा धामधुमीत चार वर्षं निवांत बांधकाम चाललं असेल का, हे मला कठीण वाटतं, पण माझ्या वाटण्यावर पाटी लिहायची नाही. "आदिलशाही काळ" एवढंच लिहिलं. शिक्षकांनी साल हवंच म्हणून वही परत पाठवली. दोन्ही सालं लिहिली, मग परत आली नाही.

भाचीने एक ओळ स्वतःची घातली : या बंदरातून घोडे उतरायचे आणि कापड चढायचं. राहू दिली. मध्ययुगात दाभोळ म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरचं नाव घेण्यासारखं बंदर, रशियन प्रवासी निकितिन पंधराव्या शतकात इथे येऊन गेलाय. आज धक्क्यावर मासळीच्या टोपल्या आणि फेरीच्या रांगेतल्या गाड्या बघून ते पटवणं अवघड जातं.

१६ नोव्हेंबर

प्रदर्शन झालं. मॉडेल नेताना खोक्यात घातलं नाही. पाट स्कूटरच्या पायाशी, वर ओलं न होणारं कापड, चारी बाजूंनी उश्या. घुमट वेगळा, भाचीच्या मांडीवर, भांड्यात. घुमट नुसता ठेवलेला राहील असाच करा, चिकटवू नका. नेताना हीच एक गोष्ट जड आणि नाजूक दोन्ही असते.

शाळेत टेबल भिंतीला लावलेलं, म्हणून कुणीतरी मॉडेल फिरवून ठेवलं, कमानी लोकांकडे. लोकांना दिसायला बरं. दाभोळहून आलेल्या एका बाईंनी पाटावरचा बाण बघितला, खिडकीबाहेर बघितलं आणि आपणच दोन्ही हातांनी पाट वळवून सरळ केला. त्यानंतर लोकांना मान वाकडी करून कमानी बघाव्या लागल्या. आम्ही तसंच ठेवलं.

सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न : पोर्तुगीजांनी ही पाडली कशी नाही? पोर्तुगीजांनी दाभोळ जाळलं ते १५०८ च्या डिसेंबरात. चौलच्या लढाईत व्हाइसरॉय अल्मेडाचा मुलगा मारला गेला होता, त्याचा सूड. जुनं साल धरलं तरी मशीद त्याच्या पन्नास वर्षं नंतरची. भाचीने हे इतक्यांदा सांगितलं की शेवटी ती तारीख उलट क्रमाने सांगायला लागली.

अपेक्षेप्रमाणे दोघांनी वीजप्रकल्प कुठे दाखवलाय ते विचारलं.

२३ नोव्हेंबर

खर्च लिहून ठेवतो. एमडीएफ २६०, प्लाय ५२०, सनबोर्डचे ताव ३८०, पीओपी २२०, फेव्हिकॉल २४०, एम-सील १६०, खराद दोन्ही मिळून १२००, रंग आणि ब्रश ४५०, पाटी छापायला ९०. झाले ३५२०, पेट्रोल आणि फेरीची तिकिटं सोडून. यातलं एमडीएफ, आंब्याचे मिनार आणि मेलेलं पीओपी टाळता आलं असतं, म्हणजे साधारण साडेसातशे वाचले असते. पावसाळ्यात सुरुवात केली नसती तर वेळही निम्मा लागला असता. जानेवारीत सुरू करा, मेपर्यंत संपवा.

प्रदर्शनात एका लहान पोराने कळस धरून घुमट उचलला. घुमट वाचला, आरा वाकला. आता घुमटाच्या भोकात पितळी नट एम-सीलने बसवलाय आणि कळस खालून आटे पाडलेल्या तुकड्यावर. वळवून काढता येतो, वळवून बसतो. नेताना काढून खिशात ठेवायचा. दोन जादा कळस करून पाटाच्या खालच्या पट्टीला चिकटपट्टीने लावून ठेवलेत, मॉडेल शाळेत कायम राहणार आहे आणि पोरं तीच आहेत.